तडीपार माणसाचा विरोध आणि मागे राहिलेले घर

कोर्टनाक्यावरून कळव्याच्या पुलाकडे जाताना ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाची भिंत लागते. तिच्या कडेने रोज ये-जा करणाऱ्या आम्हा ठाणेकरांना, हा मुळात पोर्तुगिजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला किल्ला आहे, याची आठवण क्वचितच होते. याच किल्ल्यातून सप्टेंबर १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे निसटला. पहारा गोऱ्या शिपायांचा होता आणि त्यांना मराठीचा गंध नव्हता. असे सांगतात की, एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या घोड्याची निगा राखणारा मोतद्दार खिडकीखाली खरारा करता करता गाणी म्हणत असे आणि त्या गाण्यांतून सुटकेचा सगळा बेत त्रिंबकजीच्या कानी पडला. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाचा ठपका असलेला हा कारभारी काही स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता नव्हता, आणि त्याला हुतात्म्यांच्या पंक्तीत बसवण्याचा माझा विचारही नाही. पुढे जे सांगायचे आहे त्यासाठी त्या गाण्याचा मात्र उपयोग होईल.

हुकूमशाही राजवटीने देशाबाहेर घालवलेली, किंवा तिच्या भीतीने परागंदा झालेली माणसे परक्या देशात बसून विरोध कसा करतात, आणि ती राजवट तो विरोध इतक्या लांबून कसा दाबते, हा या लेखाचा विषय आहे. आपल्याला सहसा असे वाटते की, माणूस एकदा सीमेपार गेला की सुटला. आता तो हवे ते बोलू शकतो, आणि बोलत नसेल तर त्याच्यात धमक नाही. प्रत्यक्षात तो किती बोलू शकेल हे त्याच्या धैर्यापेक्षा दोन गोष्टींवर अधिक ठरते: खिशातला कागद कोणी दिलेला आहे, आणि मागे घरी कोण राहिले आहे.

तड आणि पार

आधी शब्दांचे पाहू. ठाण्याच्या आवृत्तीत दर आठवड्याला एखादी तरी बातमी असते की, अमुक सराईत गुन्हेगाराला ठाणे, मुंबई आणि रायगड जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी तडीपार करण्यात आले. ही कारवाई महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ नुसार होते आणि तिची कमाल मुदत दोन वर्षांची असते. तड म्हणजे काठ. काठापलीकडे घालवला तो तडीपार. या कारवाईला मुदत असते, तिच्याविरुद्ध अपील करता येते आणि न्यायालयात जाता येते. तडीपार झालेल्याचे मतदान, रेशनकार्ड किंवा नागरिकत्व त्यामुळे जात नाही. हुकूमशाहीतल्या हद्दपारीचा सांगाडा असाच असतो, पण त्यातून मुदत, अपील आणि न्यायालय या तीन गोष्टी काढून टाकलेल्या असतात.

तिचा एक प्रकार म्हणजे माणसाला देशाच्या आतच, पण त्याच्या माणसांपासून तोडून ठेवणे. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांनी अफगाणिस्तानातील लष्करी कारवाईवर टीका केली, तेव्हा जानेवारी १९८० मध्ये त्यांना मॉस्कोहून गॉर्की शहरात नेऊन ठेवण्यात आले. हे शहर परदेशी नागरिकांना बंद होते. घरात दूरध्वनी नव्हता आणि दाराबाहेर चोवीस तास पोलीस बसलेला असे. खटला चालला नाही, शिक्षा सुनावली गेली नाही आणि मुदतही कोणी सांगितली नाही. दुसरा प्रकार थेट सीमेबाहेर काढण्याचा. तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो: राजवट कोणालाही घालवत नाही, पण अशी वेळ आणते की माणूस रात्रीतून स्वतःच निघतो. अशा माणसाविषयी मग सरकारला म्हणता येते की, आम्ही कुठे त्याला जा म्हटले होते?

आपल्याला हा विषय परका वाटण्याचे खरे तर कारण नाही. ब्रिटिशांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला १८५८ मध्ये रंगूनला पाठवले आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८६ मध्ये आपल्या रत्नागिरीत आणून ठेवले. इकडचा तिकडे आणि तिकडचा इकडे. दोघेही परक्या मातीतच गेले. लोकमान्य टिळकांची १९०८ ते १९१४ ही वर्षे मंडालेत गेली. १९०७ मध्ये स्टुटगार्टला हिंदुस्थानचा झेंडा फडकवणाऱ्या मादाम कामा मूळच्या मुंबईच्या. त्यांना उतारवयात, आजारी अवस्थेत, १९३५ मध्ये परत येता आले ते राजकारणात भाग घेणार नाही अशी लेखी हमी दिल्यावर, आणि पुढच्याच वर्षी त्या वारल्या. परतीच्या वाटेवर सहीसाठी ठेवलेला हा कागद पुढे पुन्हा भेटेल.

घालवून देण्यात राजवटीचा फायदा काय?

विरोधकाला तुरुंगात ठेवण्याची सोय हाताशी असताना राजवट त्याला सोडून का देते, हा प्रश्न साहजिक आहे. याचे सर्वांत नेटके उत्तर अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडलेल्या विचारात सापडते. हिर्शमन स्वतः हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये बर्लिन सोडून गेलेले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: एखाद्या व्यवस्थेवर नाराज असलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणे किंवा आवाज उठवणे, आणि पहिली वाट मोकळी असली की दुसरीवरची गर्दी कमी होते. आमच्या सोसायट्यांमध्येही हे दिसते. जो रहिवासी वार्षिक सभेत हिशेब मागतो तोच कंटाळून घोडबंदर रोडला नवे घर घेतो, आणि समिती सुटकेचा श्वास टाकते. उपमा हलकी आहे, पण यंत्रणा तीच.

हुकूमशाहीला हे बरोबर कळते. पूर्व जर्मनीतील गायक-कवी वोल्फ बिअरमान यांच्यावर १९६५ पासून कार्यक्रम करण्याची बंदी होती. नोव्हेंबर १९७६ मध्ये त्यांना पश्चिम जर्मनीतील कोलोन येथे गाण्यासाठी अचानक परवानगी मिळाली. १३ तारखेला कार्यक्रम झाला आणि १६ तारखेला त्यांचे नागरिकत्व रद्द झाल्याचे जाहीर झाले. ते बाहेर गेले तेव्हा पाहुणे कलावंत होते, आणि तीन दिवसांत परतीचे दार लागले. बिअरमान भांडवलशाहीचे हस्तक होते म्हणावे तर तेही जमत नव्हते. त्यांचे वडील आउश्वित्झमध्ये मारले गेलेले कम्युनिस्ट होते आणि ते स्वतः १९५३ मध्ये हॅम्बुर्ग सोडून आपण होऊन पूर्व जर्मनीत राहायला आले होते.

पण हा डाव उलटलाही. पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीने तो कार्यक्रम दाखवला आणि पूर्वेकडच्या घरांत तो पाहिला गेला, म्हणजे अकरा वर्षे ज्याचे गाणे ऐकू दिले नव्हते तो बाहेर घालवल्यावर घराघरांत पोचला. देशातल्या नामवंत लेखकांनी जाहीर पत्र काढून निषेध केला. पुढे १९८९ च्या शरद ऋतूत हंगेरीमार्गे हजारो लोक पळू लागले, तेव्हा लाइपझिगच्या रस्त्यांवर आधी 'आम्हाला बाहेर जायचे आहे' अशी घोषणा होती, आणि काही आठवड्यांत तिच्या जागी 'आम्ही इथेच राहणार' ही घोषणा आली. जाणाऱ्यांच्या गर्दीने राहणाऱ्यांना जोर दिला. हिर्शमन यांनी स्वतः नंतर आपल्या मांडणीत ही भर घातली. सिद्धान्त चुकला तर तसे लिहिणारे विद्वान थोडे असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

निकाराग्वाचे उदाहरण अलीकडचे आहे. ९ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथल्या सरकारने २२२ राजकीय कैद्यांना विमानात बसवून अमेरिकेला पाठवले आणि त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. बिशप रोलांदो आल्वारेझ यांनी विमानात पाऊल ठेवायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. विमानात चढलेल्यांना सुटका मिळाली आणि न चढलेल्याला तुरुंग, ही मांडणी पाहिली म्हणजे राजवटीच्या दृष्टीने खरी आज्ञाभंगाची गोष्ट कोणती होती हे लक्षात येते. जानेवारी २०२४ मध्ये अखेर त्यांनाही व्हॅटिकनला रवाना करण्यात आले.

खिशातला कागद

सीमेपार गेलेल्या माणसाचे देशाशी असलेले नाते कागदांच्या रूपात उरते: पासपोर्ट, जन्मदाखला, पदवी, जमिनीचा उतारा, लग्नाची नोंद. ज्यांनी कधी तहसील कचेरीत एका दाखल्यासाठी चार खेटे घातले आहेत त्यांना या सत्तेची थोडी कल्पना येईल. फरक इतकाच की, इथे खिडकीपलीकडचा कारकून तुमच्या फाइलमध्ये तुमची भाषणेही ठेवून बसलेला असतो.

बेलारूसच्या राष्ट्राध्यक्षांनी सप्टेंबर २०२३ मध्ये एक फर्मान काढून परदेशातील दूतावासांना नागरिकांचे पासपोर्ट देण्यास वा नवे करण्यास मनाई केली. २०२० च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर देश सोडलेल्या माणसांसमोर त्यामुळे सरळ हिशेब आला: पासपोर्टची मुदत संपली की तो नवा करण्यासाठी मायदेशी जा, आणि तिथे अटकेचा धोका पत्करा, नाही तर बिनकागदाचे राहा. कोणाला मारले नाही, कोणाला धमकावले नाही. एका सेवेची खिडकी बंद केली.

आफ्रिकेतल्या इरिट्रियाची पद्धत याहून जुनी आहे. तिथले सरकार परदेशात राहणाऱ्या आपल्या नागरिकांकडून उत्पन्नाच्या २ टक्के कर मागते आणि दूतावासातील कामे त्या पावतीवर अवलंबून ठेवते. सक्तीची, मुदत नसलेली राष्ट्रीय सेवा चुकवून जे पळाले त्यांच्याकडून तर एका अर्जावर सही घेतली जाते, ज्यात आपण राष्ट्रीय कर्तव्य पार न पाडल्याचा खेद आहे आणि योग्य ती शिक्षा मान्य आहे असे लिहिलेले असते. मादाम कामांच्या हमीपत्राची ही पुढची आवृत्ती. विरोधकाला गप्प करण्यासाठी त्याच्याकडून वर्गणी घ्यायची, ही कल्पना सुचलेल्या अधिकाऱ्याला मी मनातल्या मनात बरेचदा दाद दिली आहे.

सौदी पत्रकार जमाल खशोगी २ ऑक्टोबर २०१८ रोजी इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात गेले ते कोणत्याही राजकीय कामासाठी नव्हे. त्यांना पुन्हा लग्न करायचे होते आणि त्यासाठी आधीच्या घटस्फोटाचा दाखला हवा होता. चार दिवसांपूर्वी ते एकदा जाऊन आले होते आणि त्यांना पुन्हा यायला सांगितले गेले होते. वाग्दत्त वधू बाहेर थांबली होती. ते बाहेर आलेच नाहीत. आतच त्यांचा खून झाला. या खुनाची क्रूरता जगभर चर्चेत राहिली, पण सावध राहणारा, अमेरिकेत बसून लिहिणारा माणूस त्या दारातून आत का गेला, याचे उत्तर एका दाखल्यात आहे.

फोनच्या पलीकडचे माणूस

खून, अपहरण, विषप्रयोग या घटना बातमी होतात आणि मोजल्या जातात. फ्रीडम हाउस या संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०१४ पासूनच्या ६०८ घटना नोंदवल्या होत्या. ३१ सरकारांनी ७९ देशांत केलेल्या. पण यात केवळ प्रत्यक्ष, शारीरिक स्वरूपाच्या घटना आहेत. मागे राहिलेल्या आईला पोलीस ठाण्यात बोलावून 'तुमच्या मुलाला जरा समजवा' असे म्हणणे या आकड्यात येत नाही, आणि माझ्या मते सर्वांत परिणामकारक हत्यार तेच आहे, कारण ते स्वस्त आहे, त्याला परदेशात माणूस पाठवावा लागत नाही, आणि पुरावा म्हणून दाखवण्याजोगे त्यात काही नसते.

इराणी पत्रकार मसीह अलीनेजाद २००९ पासून देशाबाहेर आहेत. सक्तीच्या हिजाबाविरुद्धची त्यांची मोहीम गाजू लागल्यावर २०१८ मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीने सरकारी दूरचित्रवाणीवर येऊन त्यांच्याशी असलेले नाते नाकारले. पुढच्या वर्षी भावाला अटक झाली आणि नंतर त्याला आठ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. हाँगकाँगच्या पोलिसांनी जुलै २०२३ मध्ये परदेशातील आठ कार्यकर्त्यांवर प्रत्येकी दहा लाख हाँगकाँग डॉलरचे इनाम लावले आणि मग त्यांच्या नातेवाइकांना चौकशीला बोलावणे सुरू केले. त्या आठांपैकी एकीच्या वडिलांवर २०२५ मध्ये गुन्हा दाखल झाला तो मुलीच्या विमा पॉलिसीच्या पैशांचे व्यवहार पाहिल्याचा. मुलीच्या लहानपणी बापाने तिच्या नावाने काढलेली पॉलिसी, ही गोष्ट ठाण्यातल्या कोणत्याही घरात कपाटाच्या वरच्या खणात सापडेल.

यात बळी पडणाऱ्याची कोंडी विलक्षण असते. गप्प राहावे तर राजवट जिंकते. बोलावे तर शिक्षा दुसऱ्याला होते, आणि त्या दुसऱ्याने हे धैर्य मागितलेले नसते. कित्येक घरांत मग आईच मुलाला फोन बंद करायला सांगते. साखारोव्ह यांनी १९८१ मध्ये गॉर्कीत सतरा दिवस उपोषण केले ते कोणत्याही मोठ्या राजकीय मागणीसाठी नव्हते. पत्नीच्या मुलाच्या बायकोची, म्हणजे नात्याने त्यांची सून लागणाऱ्या तरुणीची, अमेरिकेतल्या नवऱ्याकडे जाण्याची परवानगी अडवून धरली होती, तिच्यासाठी ते होते. त्यांच्या काही सहकाऱ्यांनाही हे कारण क्षुल्लक वाटले. मला ते वाटत नाही. त्यांनी राजवटीच्या हातातली नेमकी तीच दोरी ओळखली होती.

त्या घरात अखेर १५ डिसेंबर १९८६ च्या रात्री दोन वीजतंत्री आले आणि न मागता दूरध्वनी बसवून गेले. दुसऱ्या दिवशी मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी फोन करून साखारोव्ह यांना मॉस्कोला परतता येईल असे सांगितले. सात वर्षांनी मिळालेल्या या बातमीवर साखारोव्ह यांनी आभार मानले आणि लगेच, आठवडाभरापूर्वी तुरुंगात मरण पावलेल्या अनातोली मार्चेन्को यांचा विषय काढून इतर राजकीय कैद्यांना सोडण्याची मागणी केली.

आता त्या मोतद्दाराच्या गाण्याकडे येतो. दिवाळी संपली की ठाण्यात रस्त्याच्या कडेला तिबेटी लोकांच्या स्वेटरच्या हातगाड्या लागतात. त्यांतल्या एका बाईंकडून मी गेली काही वर्षे मुलांचे स्वेटर घेतो. त्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतल्या. जन्म तिथलाच, त्यामुळे मराठी स्वच्छ आणि वळण झाडीपट्टीचे. एक भाऊ, म्हणजे वडिलांच्या पहिल्या घरचा, तिबेटमध्येच राहिला. त्याच्याशी बोलणे वीचॅट या चिनी संवाद-ॲपवरून होत असे. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी सीमेवरील संघर्षानंतर ज्या ५९ चिनी ॲपवर बंदी घातली त्यांत वीचॅटही होते. आपल्याकडे त्या दिवशी टिकटॉकचे काय होणार याची चर्चा होती. तिबेटी घरांत मात्र तिकडच्या माणसांशी बोलण्याची हाताशी असलेली एकमेव खिडकी मिटली. त्यांचे बोलणे दोन वर्षे बंद होते, मग परदेशातल्या एका भाचीमार्फत निरोप सुरू झाले.

"बोलता काय मग?" मी विचारले.

"बरं हाय का, जेवला का, याक किती झाले. बस, येवढंच. बाकीचं नाही बोलत, दादा. त्याला त्रास होते."

त्रिंबकजीच्या पहाऱ्याला मराठी येत नव्हते, म्हणून गाण्यातून बेत सांगता आला. आजचा पहारा तिबेटी जाणतो, उइघूर जाणतो, शिवाय शब्द वेचून काढणारे यंत्र त्याच्याकडे आहे. त्यामुळे गाण्यात लपवण्याचीही सोय उरत नाही. उरते ते फक्त न बोलणे. कुटुंबांनी आपसांत ठरवलेले हे न बोलणे बाहेरून पाहणाऱ्याला उदासीनता वाटते. एखाद्या देशाची परदेशस्थ माणसे गप्प आहेत म्हणजे त्यांचे तिथल्या सरकारबद्दल बरे मत आहे, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे लागते.

आपसांतला मतभेद

परागंदा समाजात केवळ राजवटीविरुद्धच मत असते असे नाही. एकमेकांविरुद्धही असते, आणि त्याची चर्चा फार कमी होते. लढा किती टोकाचा असावा, तडजोड चालेल का, नेता कोण, देणग्या कोणाकडे जातात, यांवर भांडणे होतात. ती कोणत्याही समाजात होतात. पण इथे एक विष मिसळलेले असते: समोरचा सरकारचा खबऱ्या असेल हा संशय. आणि हा संशय वेडेपणाचा नसतो. श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ मध्ये लंडनला इंडिया हाउस सुरू केले, तेव्हा तिथे जेवायला बसणाऱ्या तरुणांमध्ये ब्रिटिशांचे खबरे होतेच. प्रत्येक राजवट हे करते. तिचा खरा लाभ मिळालेल्या माहितीत फारसा नसतो. खबरे आहेत हे सर्वांना माहीत असण्यात असतो. मग पंक्तीला बसलेला प्रत्येक जण शेजाऱ्याकडे तिरक्या नजरेने पाहतो, आणि वेगळे मत मांडणाऱ्याला 'तू त्यांचाच' म्हणून गप्प करणे सोपे होते. हुकूमशाहीपासून पळालेल्या गटात तिच्याच सवयी उगवतात त्या अशा.

दुसरी अडचण काळाची. निघून गेलेल्या माणसाच्या मनात देश त्या दिवशीच्या रूपात थांबतो. दहा वर्षांनी त्याचे तिथल्या भाजीचे भावही चुकतात, राजकारणाचा अंदाज तर सोडाच. २००३ च्या इराक युद्धापूर्वी परदेशातील इराकी गटांनी दिलेली बरीच माहिती खोटी निघाली आणि तिच्यावर विसंबलेल्यांनी एका देशाची वाताहत केली. छळ सोसला म्हणून माणसाचे प्रत्येक विधान खरे ठरत नाही, हे सहानुभूती असणाऱ्यांनीही मान्य करावे.

या पार्श्वभूमीवर तिबेटी लोकांनी भारतात उभी केलेली व्यवस्था मला महत्त्वाची वाटते. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि पुढच्याच वर्षी निर्वासितांची निवडून आलेली प्रतिनिधी सभा सुरू झाली. २०११ मध्ये दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार निवडून आलेल्या नेतृत्वाकडे सोपवले. त्यांची स्वतःची भूमिका मध्यम मार्गाची, म्हणजे चीनमध्ये राहून खऱ्या स्वायत्ततेची; ती त्यांनी १९८८ मध्ये स्ट्रासबर्ग येथे उघडपणे मांडली. परंतु १९७० मध्ये स्थापन झालेल्या तिबेटी युवक काँग्रेसची मागणी पूर्ण स्वातंत्र्याची राहिली आहे. ज्यांना लोक देवासारखे मानतात त्यांच्याच धोरणाला जाहीर विरोध करणारी संघटना इतकी वर्षे टिकली आहे. हे सहजपणे होत नाही, मने दुखावतात, कधी 'तुम्ही दलाई लामांच्या विरुद्ध' असा आरोपही होतो. तरीही मतभेदाला मतपेटीची जागा असली की त्याला खबरेगिरीचा शिक्का बसण्याचे प्रमाण कमी होते.

कराचीही तुलना इथे करण्याजोगी आहे. प्रौढ तिबेटी निर्वासितांकडे एक हिरवे पुस्तक असते आणि त्यात 'छात्रेल' या ऐच्छिक वार्षिक वर्गणीची नोंद होते. ती नोंद असेल तर मत देता येते. इरिट्रियाचे सरकार पळालेल्या माणसाकडून कर घेते तो त्याला बांधून ठेवण्यासाठी. इथे जगातील कोणत्याही देशाने मान्यता न दिलेल्या सरकारला माणसे आपण होऊन वर्गणी देतात.

यजमानाचे दार

राहता राहिला तो आश्रय देणारा देश, आणि त्याविषयी थोडक्यातच सांगतो, कारण तिथले गणित फारसे गुंतागुंतीचे नाही: यजमानाला राजवटीशी व्यवहार ठेवायचे असतात. २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर काही थाई विरोधक मेकाँग नदी ओलांडून लाओसला गेले. लाओसचे विरोधक आधीपासून नदी ओलांडून थायलंडमध्ये येत होते. तड तीच, पार जाणाऱ्यांच्या दिशा उलट्या. डिसेंबर २०१८ मध्ये लाओसमधून एक ज्येष्ठ थाई कार्यकर्ता आणि त्याचे दोन साथीदार नाहीसे झाले. त्या दोघा साथीदारांचे, पोटात सिमेंट भरलेले मृतदेह मेकाँगच्या थाई काठाला लागले. पुढच्या ऑगस्टमध्ये बँकॉकमधून लाओसचा एक विरोधक बेपत्ता झाला. अशा वेळी निर्वासित एका हुकूमशाहीतून निघून दुसरीच्या मर्जीवर जगत असतो.

भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. तिबेटी लोकांना आपण जमीन, शाळा आणि पूजेचे स्वातंत्र्य दिले, त्याचा अभिमान वाटावा असेच ते आहे. पण ते सरकारी धोरण म्हणून दिले, हक्क म्हणून नव्हे. म्हणून चीनचे नेते येणार असले की निदर्शने करू पाहणाऱ्या तिबेटींना आधीच ताब्यात घेतले जाते. २०१९ मध्ये मामल्लपुरमच्या भेटीपूर्वी चेन्नईत तसेच झाले. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी कायद्याने भारतीय नागरिक ठरतात, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले, तरी अनेकांनी तो हक्क घेतलेला नाही. कोणाला कागदपत्रांची दगदग नको असते, कोणाला वाटते की भारतीय झालो तर तिबेटचा दावा सांगायला कोण उरणार?

स्वेटरवाल्या बाई दुसऱ्या गटातल्या. या जानेवारीत गेलो तेव्हा गाडीवर माल तसाच पडून होता, कारण यंदा ठाण्यात थंडी म्हणावी अशी पडलीच नाही. बिलबुकाखाली प्लास्टिकच्या पिशवीत त्यांचे हिरवे पुस्तक होते. वर्गणीची नोंद करायची राहिली म्हणून काढून ठेवले होते. २०२१ च्या निवडणुकीत त्यांनी आणि त्यांच्या बहिणीने वेगवेगळ्या उमेदवारांना मते दिली आणि त्यावरून दोघींत महिनाभर अबोला होता, हे त्यांनी हसत सांगितले. मी विचारले की, तिकडच्या भावाला हे मतदानाचे कधी कळवले का.

"नाही जी," त्या घडी करता करता म्हणाल्या. "त्याला सांगितलं, इकडे थंडी नाही."